बिबट्याच्या आठवड्यातली शाळा

हंगामाला साखर कारखाना पेटला की आमच्या शाळेच्या पत्र्यावर काळी राख पडायला लागते. चिपाडाची, हलकी, बोटानं टिपली की विरघळून जाणारी. ती पोरांच्या पांढऱ्या शर्टांवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, खिचडीच्या ताटातही एखादा कण सापडतो. हवेत मळीचा गोडसर, आंबूस वास भरून राहतो. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात आणि पोरं मागं पळून उसाच्या कांड्या उपसतात. वस्तीवरच्या सगळ्यांना हे दिवस आवडतात. गुरांना उसाच्या शेंड्यांचं वाढं मिळतं, थंडी पडते, घराघरात वर्दळ असते.

मला मात्र या दिवसांत उसाच्या वाळल्या पात्यांचा, पाचटाचा आवाज सोसत नाही. वाऱ्यानं पाचट वाजलं तर काही नाही. वारा पडलेला असताना एकाच जागी वाजलं, की माझे हात आपोआप जवळच्या पोराच्या खांद्यावर जातात. पोरं हसतात. "मॅडम, कुत्रं हाय," म्हणतात. बहुतेक वेळा कुत्रंच असतं.

राहुरीहून कालव्याच्या कडेकडेनं आत गेलं की आमची वस्ती लागते. शाळेच्या तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. खोल्या दोन, शिक्षक दोन. पहिली-दुसरी गाडे सरांकडे. तिसरी, चौथी आणि पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. भिंतीकडे तिसरी, मधे चौथी, खिडकीकडे पाचवी. एका वर्गाला शिकवताना बाकीच्यांनी आपापलं लिहायचं, असं ठरलेलं असतं. लिहीत कोणीच नाही, सगळे ऐकतात. पाचवीच्या अपूर्णांकांची उत्तरं तिसरीतली अन्वी मान खाली घालून पुटपुटते. चौथीची कविता आपली झालेली असूनही पाचवीची पोरं पुन्हा मोठ्यानं म्हणतात. मोठ्या शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तीन वर्ग एकदम कशी सांभाळतेस? मी म्हणायचे, मी कुठं सांभाळते, ते एकमेकांना शिकवतात. पाणी जसं उताराला वाट काढतं, तसं या खोलीत शिकणं वरून खाली झिरपतं. याचं मला फार कौतुक होतं. काय झिरपेल, हे आपल्या हातात नसतं, ते मला त्या आठवड्यात कळलं.

त्या वर्षी खोलीत दोन पोरं बाहेरची होती. एक मनीषा. तिचे आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला आलेले. त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, कालव्यापलीकडच्या रानात पडल्या होत्या. मुकादमाच्या मागं लागून मी तिचं नाव पाचवीत घातलं होतं. उंच, सावळी, आवाज जाड. शाळा सुटली की धाकट्या भावाला, सोन्याला, सांभाळायला थेट फडात जायची. दुसरा वेदांत, चौथीतला. त्याचे वडील वनरक्षक. बदली होऊन आलेले, वस्तीवर भाड्यानं राहायचे. पोरगा बारीक आवाजात, पुस्तकातलं बोलायचा, म्हणून पोरं त्याला चिडवायची. दोघं बाहेरचे, म्हणून आपोआप शेजारी बसायला लागले. त्याच्या डब्यातली चटणी ती खायची आणि त्याला कोणी चिडवलं तर नुसतं वळून बघायची. तेवढं पुरायचं.

सोमवारी सकाळी कालव्याच्या चिखलात ठसा सापडला. वेदांतनंच दाखवला. सगळी खोली तिथं उकिडवी बसली. "कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्याची नाही उमटत. बघा, नखं नाहीत," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी त्याचं ऐकून घेतलं. अन्वीनं ठशावर घमेलं पालथं घातलं, बैलगाडीनं मोडू नये म्हणून. वेदांतचे वडील आले, माप घेतलं, वस्तीवर घरोघर जाऊन सांगितलं, दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्या. कोप्यांवरही सांगितलं. पिंजरा पलीकडच्या गावात लावलेला होता, तो उद्या-परवा इकडे आणतो म्हणाले. त्या दिवशी तिसरीनं बिबट्याचं चित्र काढलं, चौथीनं वाक्यं लिहिली, पाचवीनं ठशाची लांबी-रुंदी मांडली. माझ्या नोकरीतला तो फार चांगला दिवस होता.

मंगळवारी दिवस मावळताना बिबट्यानं सोन्याला नेलं.

मनीषा त्याचा हात धरून फडातून कोपीकडे निघाली होती. आई पुढं मोळी घेऊन, बाप गाडीपाशी. उसाच्या दोन पट्ट्यांमधली अरुंद वाट. मी वस्तीवरच्या माझ्या घरी पोचले होते. आधी एक किंकाळी ऐकू आली, मग खूप, मग बॅटऱ्या, मग माणसांचे लोंढे. गाडे सर काठी घेऊन धावले, त्यांच्यामागं मी. उसाच्या तोंडाशी मनीषाची आई दोन्ही हातांनी पाचट उपटत होती, जणू सगळा ऊस ती हातानं काढणार होती. तिचे तळवे कापून रक्तानं भरले होते. ती पोटुशी होती. बायका तिला मागं ओढत होत्या आणि ती त्यांना लाथा मारत होती. मनीषा वाटेवर उभी होती. रडत नव्हती. उजवा हात पुढं धरून तशीच उभी होती, मूठ मिटलेली. मी तिला जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं.

पोरगं सापडलं. त्याबद्दल मी आजवर काही लिहिलेलं नाही, आताही लिहीत नाही.

बुधवारी शाळा उघडायची की नाही, यावर आम्ही दोघं घुटमळलो. पण घरी मोठी माणसं नव्हती, सगळी रस्त्यावर होती, म्हणून पोरं आपोआप शाळेत आली. रस्ता अडवला होता. टायर जळत होते. राखेबरोबर रबराचा धूर खोलीत शिरत होता. वेदांतही आला होता. मनीषाची जागा रिकामी, तो त्या जागेकडे बघत बसलेला.

अकराच्या सुमाराला वनखात्याची जीप आली. वेदांतचे वडील पुढं बसले होते. त्यांनी खाली उतरून हात जोडले. ते काय बोलले, ते कोणालाच ऐकू आलं नाही. पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. मग त्यांच्या कॉलरला हात गेले. ते शाळेकडे पळाले. फाटक ढकलून आवारात आले आणि झेंड्याच्या कट्ट्यापाशी पाडले गेले.

मी दार लावलं, पण खिडक्यांना नुसते गज. पाचवीची पोरं खिडकीत चढली. ओंकार सगळ्यात पुढं. त्याचा चुलता त्या गर्दीत होता. ओंकार मागं वळून तिसरी-चौथीला सांगत होता, "काकांनी टिकावाचा दांडा घेतला. खाली पाडला. आता उठत न्हाई. तोंडावर लाथ बसली." त्याचा आवाज कबड्डीचा सामना सांगावा तसा होता. मी त्याला ओढून खाली आणलं, तोवर दुसरा चढला. आणि मग खालून, भिंतीकडून, तिसरीचा आवाज आला. "मारा! मारा!" बाहेरचे शब्द, बाहेरचाच ठेका. सात-आठ वर्षांची पोरं टाळ्या वाजवून म्हणत होती.

वेदांतचं तोंड मी माझ्या पोटाशी दाबून धरलं होतं. पण कान कसे झाकणार? लाकूड माणसावर बसतं तो आवाज वेगळा असतो. दगडावर, जनावरावर, कापडावर बसावं तसा नाही. तो त्या पोरानं ऐकला. त्यानं माझ्या साडीतून एकदाही "पप्पा" म्हटलं नाही. नुसता थरथरत होता, पाण्याची मोटर थरथरते तसा.

गाडे सर बाहेर गेले, वेदांतच्या वडिलांच्या अंगावर आडवे पडले, दोन-चार फटके खाल्ले. मग पोलिसांची गाडी आली.

गुरुवारी वेदांतची आई नवऱ्यापाशी नगरच्या दवाखान्यात होती. शेजारणीनं त्याला शाळेत पाठवला. मी सकाळपासून बोलत होते. बिबट्या का येतो, ऊस तुटला की त्याची लपण कशी जाते, माणसाला मारून काय होतं. पोरं शांत ऐकत होती. इतकी शांत, की मला वाटलं, पोचतंय.

मधल्या सुट्टीत मी खिचडी वाढत होते. मागच्या बाजूनं आरडाओरडा आला. पोरांचा नेहमीचा असतो तसाच, म्हणून क्षणभर लक्ष गेलं नाही. मग त्यात ठेका ऐकू आला.

खेळाचं नाव बिबट्या. एकजण बिबट्या, बाकीची माणसं. बिबट्या वेदांत. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात घातलं होतं आणि उसाच्या कांड्यांनी मारत होते. "तुला म्हाईत हुतं! तूच ठसा दावला! तुझ्या बापाला म्हाईत हुतं!" तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन गुडघ्यांत बसला होता, ओरडत नव्हता. ओंकार मारत होता, चौथीची मारत होती. आणि कडेला अन्वी उभी होती. माझी सगळ्यात गुणी, सगळ्यात लहान अन्वी. तिच्या हातात दगड होता. मी पोचायच्या आधी तिनं तो मारला. नेम धरून, जवळून. वेदांतच्या भुवईवरून रक्त आलं.

"अन्वी!"

ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. "मॅडम, तो बिबट्या हाय," ती म्हणाली.

मी ओंकारच्या हातातली कांडी हिसकावली आणि माझा हात वर गेला. त्यानं डोळे मिटले, गाल पुढं केला. मार खायची त्याला सवय होती, तो फक्त वाट बघत होता. माझा हात वरच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळी पोरं माझ्या हाताकडे बघताहेत. पुढचा धडा तिथून येणार होता. मी कांडी टाकून दिली.

वेदांतला खोलीत आणलं आणि सगळ्यांना भोवती बसवलं. सगळ्यांसमोर जखम धुतली. कापसाला लागलेलं रक्त, भुवईची उघडी कातडी, डेटॉलनं झोंबल्यावर त्याच्या तोंडून निघालेला बारीक आवाज, सगळं त्यांना बघायला लावलं. अन्वी शेवटपर्यंत बघत बसली. मग दाराबाहेर जाऊन भडाभडा ओकली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना मला तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, इतकी ती लहान होती.

शुक्रवारी पहाटे बिबट्या पिंजऱ्यात सापडला.

शाळा भरायच्या वेळी वस्तीवर माणूस नव्हतं. पोरं दप्तरं टाकून पळाली, मी आणि सर त्यांच्यामागं. कालव्यापलीकडे, कोप्यांपासून हाकेच्या अंतरावर पिंजरा होता. भोवती पाचशेक माणसं तरी असतील, मोबाईल वर धरलेले. आत तो. मी कल्पना केली होती त्यापेक्षा लहान. अंग गजांवर आपटून आपटून नाक फुटलं होतं. लोक काठ्या आत खुपसत होते आणि तो काठी चावत होता, दात मोडत होता. कोणीतरी जळतं पाचट आत सारलं. तो इतक्या जोरानं उसळला की पिंजरा जमिनीवरून हलला आणि सगळी गर्दी एकदम मागं आली, मग हसली, मग पुन्हा पुढं गेली. जळलेल्या केसांचा वास सुटला.

"त्या पोरीला आना रं! बहिनीला आना!" ओंकारचा चुलता ओरडला.

मनीषाला पुढं आणलं. बायकांनी नव्हे, पुरुषांनी, खांद्याला धरून. तिच्या हातात दगड दिला. "मार पोरी. तुझ्या भावाला खाल्लं ह्यानं. मार."

तिनं मारला. बिबट्याच्या तोंडावर बसला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. दुसरा दिला, तोही मारला. मग ती कोणी द्यायची वाट बघेना. खाली वाकून स्वतःच उचलायला लागली. दगड, ढेकळं, हाताला येईल ते. गजांना अगदी चिकटून, पंजा पोचेल इतक्या जवळून. प्रत्येक दगडाबरोबर श्वास बाहेर टाकत होती. कोयता घालताना तिची आई टाकते तसा. शिट्ट्या थांबल्या. "बास पोरी, मागं हो," कोणीतरी म्हणालं. ती थांबेना. गर्दीला आता तिची भीती वाटायला लागली होती.

मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली. तिनं माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी सोडलं नाही. ती मला लाथा मारत होती, पिंजऱ्यात तो गुरगुरत होता, आणि तेवढ्यात वनखात्याची गाडी आली.

वेदांतचे वडील उतरले. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद, हात गळ्यात बांधलेला. दवाखान्यातून कसे आले, कोणी येऊ दिलं, मला माहीत नाही. गर्दीनं वाट दिली, पण ती आदराची नव्हती. ते पिंजऱ्यापाशी आले. मनीषा माझ्या हातांतच ताठ झाली.

"ह्योच हाय का?" तिनं विचारलं.

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. चार जणांनी त्यांना तो डोळ्यांनी सांगितलाही.

ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. बसताना कळ आली ती चेहऱ्यावर दिसली. "माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "याच्या अंगावरचे केस तपासायला पाठवावे लागतील. असेल. नसेलही."

"आरं, काय बोलतो ह्यो!" मागून गर्जना आली. "ह्याला परत दावा रं!" ओंकारचा चुलता पुढं सरकला. पण मनीषा त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या हाताकडे बघत होती. बोटं सोललेली, नखांत माती.

"मंग म्या कुनाला मारलं?"

ओंकारच्या चुलत्यानं वनरक्षकाच्या खांद्याला हात घातला, आणि तेव्हा कोप्यांकडून मनीषाची आई आली. हातांना फडकी गुंडाळलेली. बाळंत व्हायला आलेली बाई, सावकाश चालत. ती सरळ त्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"माझ्या लेकराचं नाव घिऊन कुनाला मारू नका," ती म्हणाली. "ना ह्याला, ना त्याला. माझं लेकरू गेलंय. तुमचं काय गेलंय?"

गर्दी लगेच पांगली असं नाही. शिव्या झाल्या, गाडीचा आरसा मोडला. पण अंगाला कोणी हात लावला नाही. पिंजरा गाडीवर चढला, ताडपत्री पडली.

शनिवारी सकाळची शाळा. वेदांत आला, भुवईला पट्टी. ओंकार आला. आणि कोणाला वाटलं नव्हतं, ती मनीषाही आली. आपल्या जागी बसली. मी काय शिकवावं, मला सुचेना. म्हणून पाढे घेतले, सगळ्या वर्गांचे एकत्र. आवाज एका लयीत लागले, तेव्हा वेदांत उठला. शांतपणे ओंकारपाशी गेला आणि त्याच्या नाकावर ठोसा मारला. एकच, पण सगळं बळ लावून. ओंकारच्या शर्टावर रक्त टपटपायला लागलं. ओंकारनं उलट हात उचलला नाही. नाक धरून बसून राहिला. पाढा थांबला.

मी पोचायच्या आत मनीषा पोचली. तिनं वेदांतचं मनगट धरलं आणि त्याला ओढत जागेवर आणलं, शेजारी बसवलं. मनगट सोडलं नाही.

"सोड ना," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"न्हाई."

"दुखतंय."

"म्या त्याचा हात सोडला न्हवता," ती त्याला म्हणाली. मला नाही, कोणालाच नाही, त्याला. "म्या सोडलाच न्हाई. त्यो सुटला."

शाळा सुटेपर्यंत त्यानं डाव्या हातानं लिहिलं. त्याच्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. त्यानं पुन्हा सोड म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मनीषाची माणसं गावाकडे परत गेली. वेदांतच्या वडिलांची बदली झाली. जायच्या आधी ते शाळेत येऊन सांगून गेले, सोन्याच्या कपड्यांवरचे केस पिंजऱ्यातल्या बिबट्याशी जुळले नाहीत. तो हा नव्हता. त्यानंतर दोन वस्त्या सोडून आणखी एक बिबट्या सापडला, तेव्हा पहिल्यासारखी गर्दीही झाली नाही. ओंकार आता राहुरीला शिकतो, दिसला की वाकून नमस्कार करतो. अन्वी नववीत आहे. त्या आठवड्याबद्दल आमच्यात कोणी कधी बोललं नाही. माझ्या दंडावर दातांच्या खुणा आहेत. त्या मी कोणापासून लपवत नाही आणि कोणाला दाखवतही नाही.

यंदा कारखाना पेटला त्याच आठवड्यात एक उंच पोरगी फाटकात उभी दिसली. डोक्याला फडकं, अंगात बापाचा शर्ट, हातात कोयता. शेजारी सहाएक वर्षांची मुलगी. आवाजावरून ओळखलं.

"आईची कंबर गेली. तिच्या जागी म्या येते आता," मनीषा म्हणाली. "ही तवा पोटात हुती. हिचं नाव घाला."

मी गाडे सरांना हाक मारली. ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली. कोयत्याची पाठ हळूहळू पोटरीवर आपटत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, पिंजऱ्यातला त्योच हुता का?"

"नव्हता," मी म्हणाले.

ती उसाकडे वळली. त्या बाजूला वारा होता, पाचट सळसळत होतं.

"मंग त्याला लई लागलं आसंल," ती म्हणाली.

मग तिनं बहिणीच्या फ्रॉकची मागची बटणं नीट लावली, शेंबूड पुसला आणि तिला माझ्याकडे ढकललं. "सुट्टी झाली तरी एकलीला लावून दिऊ नका. म्या येते न्यायला." फाटकापर्यंत गेली, तिथून वळून पुन्हा म्हणाली, "उशीर झाला तरी येतेच."